आधी निगेटिव्ह दाखवा, मग फोटो

नाशिककरांचे फिल्मवरचे फोटो आता फेसबुकवर बरेच दिसतात. रामकुंडाची पहाट, पंचवटीतले वाडे, गंगापूर धरणावरचं धुकं, सराफ बाजारातली गर्दी. खाली कौतुकही ठरलेलं: 'काय ग्रेन आहे!', 'डिजिटलला ही मजा नाही.' ज्याचं कौतुक चाललेलं असतं तो बऱ्याचदा फिल्मचा ग्रेन, म्हणजे चांदीच्या कणांचा दाणेदारपणा, नसतोच. रोलला प्रकाश कमी पडलेला असतो, निगेटिव्ह पातळ, म्हणजे जवळपास पारदर्शक, उठलेली असते आणि स्कॅनरने ती ओढूनताणून उजळलेली असते. सावलीत दिसणारी ती राखाडी वाळू त्या ओढाताणीची असते.

म्हणून एकच म्हणणं. फोटो टाकाल तेव्हा सोबत त्याच निगेटिव्हच्या पट्टीचाही फोटो टाका. एका फोनवर कोरा पांढरा स्क्रीन, ब्राइटनेस पूर्ण, पट्टी स्क्रीनच्या दोन-तीन सेंटिमीटर वर (चिकटवलीत तर स्क्रीनचे ठिपके येतात), आणि दुसऱ्या फोनने क्लिक. पट्टीच्या कडा मात्र कापायच्या नाहीत. सगळी गंमत कडेलाच आहे.

कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाश देऊन उमटवलेले असतात. तुमचा कॅमेरा, मीटर, लेन्स यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ते किती गडद उठले हे रोल कसा धुतला, म्हणजे डेव्हलप केला, यावर ठरतं. कंपनीगणिक थोडा फरक असतो, म्हणून एकाच फिल्मच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून ताडून बघा. अक्षरं ठसठशीत आणि फ्रेम पातळ असेल, तर धुणं ठीक झालंय, चूक कॅमेऱ्यात प्रकाश मोजताना झालीय. अक्षरंच फिकी आणि फ्रेमही मिळमिळीत असेल, तर डेव्हलपर (फिल्मवर चित्र उठवणारं रसायन) थकलेला होता, थंड होता किंवा वेळ कमी दिला. अक्षरं स्वच्छ पण एकही फ्रेम नाही? रोल पुढे सरकलाच नाही. (रोल भरल्यावर रिवाइंडची चकती रिवाइंडच्याच दिशेने हलक्या हाताने फिरवून ढील काढा. नंतर लिव्हर ओढताना ती चकती फिरली पाहिजे. फिरली नाही तर फिल्म स्पूलवर अडकलेली नाही.) अक्षरंसुद्धा नाहीत, फिल्म काचेसारखी स्वच्छ? डेव्हलपर मेलेला होता, किंवा त्याच्या आधी हायपो (न वापरलेली चांदी विरघळवून चित्र पक्कं करणारं रसायन) ओतली गेली. आणि दुधाळ दिसत असेल तर हायपो कमी पडली. ही चूक एवढी एकच सुधारता येते: ताज्या हायपोत पुन्हा घाला, पुन्हा पाण्यात धुवा.

एवढं एका पट्टीवरून कळतं. स्कॅनवरून यातलं काहीच कळत नाही, कारण लॅबचं मशीन प्रत्येक फ्रेम स्वतःच्या अकलेने उजळवतं नि सारखी करतं.

आता पातळ निगेटिव्ह होते कशी, ते काळाराम मंदिरावर बघू. काळा दगड, पुढे पांढऱ्या कपड्यातले लोक, वर ऊन. कॅमेऱ्यातला मीटर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं समजतो. पांढऱ्या कपड्यांवर आणि आकाशावर मोजलंत तर तो प्रकाश कमी करायला सांगेल. तुम्ही ऐकाल आणि दगडाच्या जागी निगेटिव्हवर नुसती पारदर्शक फिल्म राहील. तिथे चांदीच बसलेली नाही, तर स्कॅनर आणणार कुठून? उलट जवळ जाऊन फक्त सावलीतल्या दगडावर मोजा. समजा मीटर म्हणतोय १/६० आणि एफ/५.६. हे दगड करडा करण्याचं माप झालं. दगड काळा हवा, पण त्यावरचे टाकीचे घाव दिसायला हवेत, म्हणून दोन स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा): १/६० आणि एफ/११. कृष्णधवल निगेटिव्हचा पाया हाच: सावलीवरून प्रकाश द्यायचा आणि उजेडाचा भाग धुण्याच्या वेळेने सांभाळायचा. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीच्या मुळाशी हेच आहे. ती पद्धत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या पाडते. काळा दगड तिसऱ्या पायरीवर, म्हणजे तिसऱ्या झोनमध्ये टाकला, एवढंच आपण केलं.

दुपारी बारा वाजता घाटावर हे जास्तच लागतं. पाण्यावरचा चकाकता उजेड आणि देवळाच्या कमानीखालचा अंधार यांत फरक प्रचंड. अशा उन्हात एचपी-५ प्लस (इलफर्डची ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म) असेल तर मीटर ४०० ऐवजी २०० ला लावा आणि धुण्याची वेळ वीसेक टक्के कमी करा. सावली भरते आणि पांढरे भाग ठोकळ्यासारखे बंद होत नाहीत.

याच्या उलट संध्याकाळच्या आरतीला लोक 'सोळाशेला पुश' करतात, म्हणजे ४०० ची फिल्म १६०० समजून वापरतात आणि जास्त वेळ धुतात. करा, पण समजून करा. आयडी-११ या डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (जादा पाणी न मिसळता) ४०० ला साडेसात मिनिटं लागतात, १६०० ला चौदा. जादा वेळेने दिव्यांच्या ज्वाळा नि चेहऱ्यावरचा उजेड वर येतो. ज्या सावलीत प्रकाश पोचलाच नाही, ती पुश करून येत नाही. पुश म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवणं. फिल्मचा वेग फारसा वाढत नाही. काळीभोर सावली चालणार असेल तर झकास, पण मग 'शॅडो डिटेल गेलं' म्हणून फिल्मला शिव्या देऊ नका.

पांडवलेणीची गोष्ट आणखी वेगळी. अठराव्या लेण्यातल्या चैत्यगृहात मीटर १० सेकंद दाखवत असेल, तर १० सेकंद देऊन चालत नाही. मंद प्रकाशात फिल्म आळशी होते. एचपी-५ प्लससाठी इलफर्डचा घातांक १.३१ आहे, म्हणजे मीटरच्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायचा: १० सेकंदांचे २० होतात, ३० सेकंदांचे साधारण ८६. फोमापॅन १०० या दुसऱ्या कृष्णधवल फिल्मवर तर मीटरच्या १० सेकंदांना ८० द्यावे लागतात. ट्रायपॉडची परवानगी आधी विचारून ठेवा, नाहीतर हे सगळं गणित पायथ्याशीच राहतं.

आता धुणं. कृष्णधवल रोल घरी धुवा, कुरिअर करू नका. डार्करूम लागत नाही. फिल्म रिळावर चढवून ते प्रकाशबंद टाकीत बसवेपर्यंतच अंधार हवा, तो चेंजिंग बॅगमध्ये (हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत) मिळतो. पॅटरसनच्या टाकीत एका ३५ मिमी रोलला २९० मिली लागतं, म्हणजे १+१ साठी १४५ मिली आयडी-११ आणि १४५ मिली पाणी. २० अंशांना एचपी-५ प्लससाठी १३ मिनिटं. इथेच नाशिकचं हवामान आडवं येतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटके देतं, जानेवारीच्या सकाळी तेच बोटं बधिर करतं. इलफर्डच्या तापमान-तक्त्याचा साधा हिशोब असा: २० अंशांना ४ मिनिटं असतील तर २३ ला ३ आणि १६ ला ६. उन्हाळ्यात २० अंशांचा हट्ट सोडा, बादलीत बर्फाचे तुकडे टाकून २४ वर या आणि १३ ऐवजी साधारण ९ मिनिटं द्या. त्यात कडक उन्हासाठी वीस टक्के कमी केलं तर सव्वासात. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका. डेव्हलपर ओतायला-काढायला लागणारा वेळच तेव्हा एकूण वेळेचा मोठा हिस्सा होतो आणि आकाशात पट्टे येतात. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी, सगळ्या बाटल्या एकाच बादलीत उभ्या ठेवा. नुसता डेव्हलपर २४ ला आणून नंतर ३२ अंशांच्या नळाखाली रोल धरणारे बरेच आहेत.

टाकी उलटीसुलटी करणं: पहिल्या १० सेकंदांत चार वेळा, नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा. प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर टकटक आपटा. बुडबुडा चिकटून राहिला तर तिथे डेव्हलपर पोचत नाही, निगेटिव्हवर पारदर्शक गोल ठिपका पडतो आणि फोटोत तो काळा येतो. जोरजोरात हलवलंत तर कडेच्या भोकांतून डेव्हलपर जोराने घुसतो आणि प्रत्येक भोकापाशी उजळ लाट दिसते. तिला काही जण 'लाइट लीक' (कॅमेऱ्यात फटीतून शिरलेला उजेड) म्हणून मिरवतात. लाइट लीक भोकांच्या तालावर पडत नाही.

डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथसाठी घरातलं पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, अर्धा मिनिट. मग हायपो. हायपो जिवंत आहे का हे रोल आत घालण्याआधीच तपासा: लीडरचा (रोलच्या तोंडाशी बाहेर असलेल्या फिल्मचा) कापलेला तुकडा उजेडात हायपोत टाका, दुधाळपणा जाऊन तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा, त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. दुसरा तुकडा डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत काळाठिक्कर पडला नाही तर तो डेव्हलपर ओतून द्या. दोन तुकड्यांत छत्तीस फ्रेम वाचतात.

डेव्हलपरचं पाकीट मिळत नाही ही तक्रार नेहमीची. मग डी-२३ हा डेव्हलपर घरी करा. त्यात दोनच वस्तू: मेटॉल साडेसात ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी घालून एक लिटर. सल्फाइट, सल्फेट नव्हे. दुकानदाराकडून डब्यावरचं नाव वाचूनच घ्या. काटा सोनाराच्या पद्धतीचा, निदान ०.१ ग्रॅम दाखवणारा. पाऊण लिटर कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट. क्रम उलटा केलात तर घट्ट सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही. हातमोजे घालाच, मेटॉलने काहींच्या कातडीला पुरळ येतो. मुळात भारतीय सिनेमाचं कामच या जिल्ह्यातल्या माणसाने असं घरगुती हाताने उभं केलं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांच्या घरी फिल्मची रसायनं कालवायचं काम सरस्वतीबाई करत. आपल्याला तर छत्तीस फ्रेमचाच रोल धुवायचा आहे.

पाण्याबद्दल एक. डेव्हलपर आणि हायपोला नळाचं पाणी चालतं. पण सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यात करा. गाडीच्या बॅटरीसाठी मिळतं तेच. अर्ध्या लिटरला अडीच मिली वेटिंग एजंट (थेंबांचे डाग पडू न देणारं द्रव) पुरे. भांड्याचा साबण नको, त्यातला सुगंध आणि रंग फिल्मवर बसतो. वाळताना बोटांनी किंवा स्पंजने निपटू नका, एक वाळूचा कण छत्तीसच्या छत्तीस फ्रेमवर रेघ ओढतो. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं सोडून वाफेने धूळ बसू द्या, मग रोल टांगा आणि दार लावून घ्या. पंखा बंद.

पावसाळ्यात रीळ दमट असेल तर फिल्म अर्ध्यात अडकते. जोर लावला की ती मुडपते आणि निगेटिव्हवर नखासारखी चंद्रकोर उठते. हेअर ड्रायरने रीळ वाळवा, घामेजले हात बॅगेबाहेर काढून पुसा, पुन्हा सुरू करा. लेन्सच्या बुरशीसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं.

आणि वापरलेली हायपो गटारात नको. फिल्मवरची न वापरलेली चांदी तिच्यात विरघळलेली असते आणि आपली गटारं कुठल्या दिशेने जातात ते सगळ्यांना माहीत आहे. जुन्या डब्यात लोखंडी स्टील वूल टाकून हायपो दोन-तीन दिवस ठेवा, चांदी खाली काळपट गाळ होऊन बसते. भांड्याची चकचकीत स्टेनलेस घासणी यात चालत नाही, ती गंजतच नाही. गाळ घेऊन सराफाकडे जाऊ नका, हसतील.

घरी डिजिटल कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर मॅक्रो लेन्स, एफ/८, आयएसओ १००, खाली चांगल्या सीआरआयचा (रंग खरे दाखवणारा) एलईडी पॅनेल. खोलीतला दिवा बंद, नाहीतर फिल्मच्या चकचकीत बाजूवर ट्यूबलाइट उमटते. ऑटो उजळणी बंद ठेवून एक फाइल तशीच जपा, तीच खरी पट्टी. चर्चेला टाकताना एवढं लिहा: फिल्म, कोणत्या आयएसओला लावली, मीटर कशावर धरला, डेव्हलपर आणि त्याचं प्रमाण, अंश, मिनिटं. 'एचपी-५ @ २००, सावलीतल्या दगडावर मोजून दोन स्टॉप कमी, आयडी-११ १+१, २४ अंश, सव्वासात मिनिटं' एवढ्या एका ओळीवर दुसऱ्याला काही सांगता येतं. 'फिल्मचा फील' यावर काय सांगणार?

रंगीत रोलचं धुणं लॅबवर सोडा. सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत) चा डेव्हलपर ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं लागतो आणि तिथे अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी रंग हलतात. मुंबई-पुण्याला रोल पाठवताना फक्त एक गोष्ट चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: निगेटिव्ह परत पाठवा, सहा-सहा फ्रेम कापून, स्लीव्हमध्ये. हे सांगितलं नाही तर काही ठिकाणी स्कॅनची लिंक येते आणि निगेटिव्ह कचऱ्यात जाते.