चौकटीच्या झेंड्यानंतर

२३ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी साडेनऊला फॉर्म्युला वन मोटारींची लास वेगासची शर्यत सुरू झाली, तेव्हा घरात पोहे-जलेबी, वर शेव आणि जिरावण मसाला, असा इंदूरच्या रविवारचा रीतसर थाट होता. माझा भाचा मात्र पोह्यांना हात न लावता मोबाइलमध्ये डोके खुपसून बसला होता. मॅकलॅरेन संघाचा चालक लँडो नॉरिस पहिल्या तिघांत येईल यावर त्याने एका बुकीकडे आठ हजार रुपये लावले होते, हे मला शर्यत संपून तो उडी मारून उठला तेव्हा कळले. नॉरिस दुसरा आला आणि बुकीने जिंकलेली रक्कम भाच्याच्या नावे दाखवलीही. दुपारी पंचांनी मॅकलॅरेनच्या दोन्ही गाड्या बाद केल्या आणि ती रक्कम गायब झाली. इथवर माझी तक्रार नाही. पण भाच्याच्या मित्राने अँटोनेली या दुसऱ्या चालकावर तसेच पैसे लावले होते आणि नव्या निकालात तो तिसरा ठरला, तेव्हा त्याच बुकीने सांगितले की शर्यत संपल्यावर बक्षिसाच्या मंचावर जे तिघे उभे राहिले तेच खरे. म्हणजे घ्यायचे असले की पंचांचा निकाल आणि द्यायचे असले की मंचाचा!

गाडीच्या पोटाखालच्या फळीवरील पट्ट्यांची जाडी किमान ९ मिलिमीटर असावी लागते. नॉरिसच्या गाडीवर एका जागी ती ८.८८ भरली. मुद्दाम केलेले नाही हे पंचांनीही मान्य केले, तरी शिक्षा टळली नाही. नियम कठोर आहे, पण असायलाच हवा, हे मी निमूटपणे कबूल करतो.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. २८ जुलै २०२४ रोजी बेल्जियमच्या स्पाच्या शर्यतीवर आमच्या भावोजींशी माझी पाचशे रुपयांची पैज लागली होती. त्यांचा चालक जॉर्ज रसेल, माझा लुईस हॅमिल्टन. रसेल एकदाच टायर बदलून पुढे राहिला आणि जेमतेम अर्ध्या सेकंदाने जिंकला, मी नोट काढून दिली आणि भावोजींनी त्याच पैशांतून छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीतून सगळ्यांसाठी खोबऱ्याचे पॅटीस आणले. नंतर बातमी आली की इंधन काढून घेतल्यावर रसेलची गाडी किमान ७९८ किलोंपेक्षा दीड किलो हलकी भरली, तो बाद झाला आणि विजय हॅमिल्टनला मिळाला. भावोजी शांतपणे म्हणाले, "पॅटीस तुम्हीही खाल्लेत, आता निकाल बदलत नाही."

त्या वादावर आम्ही आजही हसतो, कारण आम्ही दोघे समोरासमोर बसलेलो असतो आणि ताईसुद्धा पंच म्हणून हजर असते. भाच्याचा पंच कोण? १९७६ मध्ये स्पेनची शर्यत जिंकलेल्या जेम्स हंटची गाडी १.८ सेंटिमीटर जास्त रुंद निघाली म्हणून तो बाद झाला, पण संघाने अपील केले, दोन महिन्यांनी विजय परत मिळाला आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याने प्रतिस्पर्धी निकी लाउडापेक्षा अवघ्या एका गुणाने जिंकले. संघाकडे वकील असतो, अपील असते. आठ हजार लावणाऱ्या पोराने तक्रार कुठे करायची? बुकीचा धंदाच बेकायदा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही केला, त्यामुळे चौकीत गेलाच तर आधी स्वतःचेच उत्तर द्यावे लागेल. बुकीला हे पक्के ठाऊक आहे, म्हणून तर त्याची जीभ एवढी सैल सुटते.

दुपारी मी भाच्यावर आवाज चढवला, जरा जास्तच चढवला. तो गप्प बसून गार झालेले पोहे खात राहिला, तेव्हा मला वाईट वाटले आणि जलेबी गरम करून मी त्याच्यापुढे ठेवली. तेवढ्यात त्याने खाली मान घालूनच विचारले, "मामा, भावोजींनी तुमचे ते पाचशे दिले का हो?"

नाही दिले. भावोजी, ही पोस्ट वाचत असाल तर तुमच्याकडे माझे हजार निघतात, कारण माझी नोट परत यायची आहे आणि पैजेचे पाचशे वेगळे. पॅटीसचा माझा वाटा हवा तर वजा करा.