विणता येईना, सुया वाकड्या

वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याची बातमी आली की साताऱ्यात लोकर खपायला लागते. बातमी महाबळेश्वरची, शहारे आमच्या अंगावर. भर दुपारी राजवाड्यापाशी उभं राहिलं तर अंगातला स्वेटर काढून हातात धरावा लागतो. पण तोवर गुंडे घरात आलेले असतात आणि ‘यंदा काहीतरी नवीन विणू’ हा किडा डोक्यात शिरलेला असतो. बाळंतविड्यातलं टोपडं वर्षानुवर्षं टीव्हीकडे बघत विणणाऱ्या बाईला एकदा का वेणी, जाळी आणि टाचेचे मोजे खुणावायला लागले, की घरच्यांनी पुढचे दोन महिने खिचडीवर काढायची तयारी ठेवावी.

माझं मत असं की नवी वीण शिकताना हात कधीच आडवे येत नाहीत. टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. बाकी सगळी त्या दोघांची कारस्थानं. घोळ होतो तो विणायला बसण्याआधीच्या कंटाळवाण्या कामात, आणि व्हिडिओवाल्या बाईंनी नेमकं तेवढंच पळवत दाखवलेलं असतं.

सुईचा नंबरच घ्या. आपल्याकडच्या सुयांना जुना ब्रिटिश नंबर असतो. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, १२ नंबर पावणेतीन. अमेरिकेत उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. अमेरिकन नमुना मोबाइलवर उघडून मोती चौकात ८ नंबर मागितला, तर मिळणारी सुई पूर्ण १ मिलिमीटर बारीक असते आणि बाबांसाठी घातलेला स्वेटर दहावीतल्या मुलाला होतो. दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. “ताई, आठ म्हणजे आठच की वो. अमेरिकेत काय नऊला आठ म्हणत्यात?” यावर उत्तर नसतं. त्याच्याशी फक्त मिलिमीटरमध्ये बोलावं. जुन्या सुयांवरचा नंबर पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून बघावी.

त्यानंतर येतो नमुन्याचा तुकडा. निदान १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजायचं. कडेला मोजायचं नाही, कारण कडेचे टाके कधीच शिस्तीत नसतात. हे काम कोणीही करत नाही. ‘माझा हात मला माहीत आहे’ असं म्हणून थेट २२० टाके घातले जातात. आता हिशोब बघा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितलेत आणि तुमचा हात सैल, म्हणून २० बसतात. १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ११० सेंटिमीटरचा होतो. दोन टाक्यांचा फरक, आणि आत आणखी एक लहान माणूस मावतं. टाके कमी बसत असतील तर सुई बारीक घ्यावी, जास्त बसत असतील तर जाड. ‘मी जरा घट्ट विणीन’ असा निर्धार करू नये, तो चार ओळी टिकतो. शिवाय हात मनाप्रमाणे बदलतो. सासूबाईंचा फोन ठेवल्यावर विणलेल्या ओळी पुढे दहा वर्षं स्वेटरवर वाचता येतात.

टाके घालतानाची शेपूट हा वेगळा छळ. अंगठ्यावरून टाके घालण्याच्या पद्धतीत विणायच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा मोकळा सोडावा लागतो. अंदाज कायम १९८ टाक्यांपर्यंत पुरतो आणि हवे असतात २००. अचूक उपाय आहे: सुईला धाग्याचे दहा वेढे द्या, तेवढा धागा म्हणजे दहा टाके. त्या हिशोबाने धागा मोजा, वर एक वीत जास्त सोडा. गळा डोक्यातून जात नसेल तर टाके घट्ट घातलेत. त्यावर सगळे जाड सुईने टाके घालायला सांगतात. त्याने पहिल्या ओळीचे फास मोठे होतात, कड मात्र तशीच आवळलेली राहते. खरी मेख दोन टाक्यांमधल्या अंतरात आहे. प्रत्येक टाका ओढताना शेजारच्याला चिकटवू नये, मध्ये थोडी जागा सोडावी.

वेणीच्या विणीचा बोलबाला फार, पण अवघड म्हणाल तर ती सगळ्यात सोपी. सहा टाक्यांच्या वेणीत पहिले तीन टाके तिसऱ्या सुईवर काढायचे, पुढचे तीन विणायचे, मग अडकवून ठेवलेले तीन विणायचे. तिसरी सुई कामाच्या पुढे धरली तर पीळ डावीकडे जातो, मागे धरली तर उजवीकडे. असा पीळ दर सहाव्या किंवा आठव्या ओळीला. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके हवेत, नाहीतर वेणी उठून दिसत नाही. तिसरी सुई नसेल तर अंबाड्यातला आकडा उत्तम चालतो. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: वेणी कापड आत ओढते. साध्या विणीच्या हिशोबाने टाके घातले तर स्वेटर पोटावर ताणून बसतो आणि दोष दिवाळीच्या फराळाला जातो.

जाळी मात्र माणसाची परीक्षा बघते. धागा पुढे घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. म्हणून त्याच ओळीत कुठेतरी दोन टाके एकत्र करून एक कमी करायचा. दोन टाके एकत्र सुलट विणले की ते उजवीकडे झुकतात. डावीकडे झुकवायचे असतील तर दोन्ही टाके एकेक करून, सुलट विणल्यासारखे, उजव्या सुईवर उचलायचे. मग डावी सुई त्यांच्या पुढून घालून दोन्ही एकत्र विणायचे. पानाची नक्षी एका बाजूला कललेली दिसते ती हे न केल्यामुळे. प्रत्येक ओळीनंतर टाके मोजावेत. ४१ चे ४२ झाले तर कुठेतरी एकत्र करायचं राहिलं, ४० झाले तर धागा पुढे घ्यायचा राहिला. हे त्याच ओळीत कळलं तर ठीक. दहा ओळींनी कळलं तर उसवण्याला पर्याय नाही, आणि जाळी उसवताना सुटलेला टाका सरळ खाली धावत नाही. तो भोकात शिरतो, शेजारच्यालाही घेऊन जातो आणि क्रोशाच्या सुईला सापडत नाही.

म्हणून जीव वाचवणारा दोरा घालावा. दर दहा ओळींनी, उलट्या बाजूची साधी ओळ झाली की, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत ओवून सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून काढायचा. खाली कितीही रामायण घडलं तरी उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते. फक्त खुणेसाठी घातलेल्या रिंगांमधून तो ओवू नये, नाहीतर रिंगा दोऱ्यात कैद होतात आणि जागच्या हलत नाहीत. दोरा ओवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवण्यासाठी लोक रविवारची अख्खी दुपार उसवण्यात घालवतात, आणि वर सुया वाकड्या आहेत म्हणून सांगतात.

जाळी सुईवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या फडक्यापलीकडे दिसत नाही. अस्सल लोकर असेल तर भिजवून, न पिळता दाबून पाणी काढून, सतरंजीवर टाचण्यांनी ताणून वाळवली की नक्षी उघडते. आपल्या दुकानांत मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक, आणि ते पाण्याला दाद देत नाही. त्याला वाफ लागते, तीही इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून. इस्त्री टेकली की धागा कायमचा लुळा पडतो. तो स्वेटर मग उभा धरला तरी बसलेला दिसतो. स्वेटर इस्त्रीवाल्याकडे पाठवायचाच नाही, तो बिचारा मायेने दाबतो. अस्सल लोकर हवी म्हणून कोणी माण-खटावच्या मेंढ्यांकडे बघत असेल, तर ती लोकर घोंगडीला फर्मास. मोज्याला वापरली तर माणूस दिवसभर पाय खाजवत हिंडेल.

मोज्यांची गंमत टाचेत आहे. बारीक लोकर, १३ नंबरच्या दोन्ही बाजूंनी टोकदार पाच सुया. चार सुयांवर १६-१६ असे ६४ टाके, पाचवी विणायला. गोल जोडताना कड पिळली गेली नाही ना, हे दोनदा बघावं. पिळली असेल आणि चार बोटं विणून झाल्यावर दिसली, तर ती कोणत्याही पायात जात नाही. एका सुईवरून दुसरीवर जाताना सैल धाग्यांची उभी शिडी पडते, तिथे नव्या सुईवरचा दुसरा टाका जरा ओढून घ्यावा.

टाचेसाठी निम्मे, म्हणजे ३२ टाके. त्यांवर ३२ ओळींची पट्टी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा. मग वळण. १८ टाके विणायचे, दोन एकत्र डावीकडे झुकवून, एक सुलट, आणि ओळ अर्धी टाकून परत फिरायचं. लहानपणापासून ‘ताटातलं संपव’ ऐकलेल्या माणसाला हे जमत नाही. तो हमखास ओळ पुरी करतो आणि टाचेऐवजी पट्टीच लांबत जाते. परत येताना एक उचलायचा, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरायचं. पुढे प्रत्येक खेपेला मधला टाका एकेकाने वाढतो आणि फट दिसते तिथेच दोन एकत्र होतात. शेवटी १८ टाके उरतात आणि हातात चक्क वाटी तयार झालेली असते. पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलले की, पावलावरचे थांबलेले ३२ धरून, एकूण ८२. एक आड एक फेरीत दोन-दोन कमी करत नऊ वेळा केलं की परत ६४. कोपऱ्यात भोक राहतं, त्यासाठी तिथे एक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत शेजाऱ्याबरोबर विणून टाकावा.

मोज्याचं टोक शिवण न दिसता सांधायच्या पद्धतीला किचनरचं नाव आहे. हाच तो लॉर्ड किचनर, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती, ज्याच्याशी भांडून व्हाइसरॉय कर्झनने १९०५ मध्ये राजीनामा दिला. असला माणूस मोज्याच्या अंगठ्यापाशी कसा आला ते असो, पण अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावाच्या जिल्ह्यात त्याचं नाव खपून जातं. टाके दोन सुयांवर समोरासमोर, रुंदीच्या चौपट धागा बोथट सुईत. सुरुवातीला पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट घालून तो ठेवायचा, मागच्या सुईच्या पहिल्या टाक्यात सुलट घालून ठेवायचा. मग आरतीसारखं म्हणत राहायचं: पुढे सुलट सोड, उलट ठेव, मागे उलट सोड, सुलट ठेव. मध्ये कोणी “काय वहिनी, विकत नाही का मिळत?” असं विचारलं, तर उत्तर देऊ नये. उत्तर दिलं की कोणती सुई चालली होती तेच आठवत नाही.

यानंतर खरी अडचण सुरू होते, ती म्हणजे दुसरा मोजा. पहिल्याच्या ओळी कोणी लिहून ठेवलेल्या नसतात. मोजायला जावं तर गडद रंगात टाके दिसत नाहीत, आणि हात एव्हाना सरावलेला असल्याने दुसरा मोजा घट्ट होऊन बोटभर आखूड भरतो. त्यापेक्षा पाच सुयांचे दोन संच घ्यावेत. एका मोज्याची पट्टी झाली की दुसऱ्याची पट्टी, एकाची टाच झाली की दुसऱ्याची टाच. आणि गुंडे दोन वेगळे, एकाच रंगाच्या लॉटचे, लेबलवरचा नंबर जुळवून आणलेले.