काकांचं मशीन आता हलत नाही

माझ्या गाडीच्या डाव्या इंजिन माउंटचा, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणाऱ्या आधाराचा, पुठ्ठ्याचा साचा सध्या चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या वॉशिंग मशीनखाली आहे. मागच्या पायाखाली, चार घड्या घालून.

हे मला काल संध्याकाळी कळलं, आणि तेही काकांनी स्वतःहून, चांगली बातमी द्यावी तसं सांगितलं म्हणून.

"तुझ्या गाडीत एक पुठ्ठा पडला होता बघ, तो नेला मी. छान जाड होता. टेप मात्र भारी चिकट रे, नखं गेली माझी."

पडलेली वस्तू उचलताना नखं जात नाहीत, एवढंही काकांच्या लक्षात आलं नाही. तो पुठ्ठा बॉनेटच्या आत, चेसिस रेलवर (सांगाड्याच्या लांब पट्टीवर), सहा ठिकाणी टेप लावून बसवलेला होता. त्यावर चार भोकं होती, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची मापं होती, 'डावा' असं लिहिलं होतं, पुढच्या दिशेचा बाण होता आणि कोपऱ्यात लाल पेनाने ठळक अक्षरांत 'हलवू नये'.

"काका, त्यावर 'हलवू नये' लिहिलं होतं."

"वाचलं की! म्हटलं, बरोब्बर वस्तू मिळाली."

यावर काय बोलणार? त्यातही माउंटचा साचा शेवटी यंत्र थरथरू नये यासाठीच असतो. म्हणजे काकांनी तो योग्य कामालाच लावला. फक्त यंत्र त्यांचं.

थोडक्यात सांगायचं तर गाडी म्हणजे टोयोटा सुप्रा, तिसरी पिढी, एमए७०. आतलं मूळ इंजिन ७एम-जीटीई: सरळ सहा सिलिंडर, २९५४ सीसी, एक सीटी२६ टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र. ते काढून तिथे टोयोटाचंच १जेझेड-जीटीई बसवायचं. सीसी कमी, टर्बो दोन. काकांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली टेकली की समजायचं, आता पाऊण तास गेला.

"म्हणजे मोठं इंजिन काढून छोटं टाकणार?"

"हो."

"आणि त्याला काम म्हणतोस."

मग चौकशी सुरू झाली. काका आयुष्यभर हिशेबतपासनीस होते आणि निवृत्तीचा कागद त्यांना मिळाला असला तरी त्यांच्या स्वभावाला मिळालेला नाही.

"ॲव्हरेज किती देते?"

"काका, आत इंजिन नाहीये सध्या."

"ते दिसतंय मला. तरी पण, अंदाजे?"

मी अंदाजे शून्य सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जुन्या गाडीकडून त्यांची तेवढीच अपेक्षा होती. पुढचा प्रश्न मात्र वर्मी लागला. "कंपनीने जे इंजिन दिलं, ते देणारे काय वेडे होते?"

वेडे नव्हते. पण ७एमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ब्लॉकवर आवळणाऱ्या बोल्टचा कारखान्यात ठरवलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) ५८ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ७८ न्यूटन-मीटर होता, आणि तो कमी पडतो हे हे इंजिन उघडलेल्या कुणालाही विचारा. हेड पुरेसं दाबून बसत नाही, टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, वर्षानुवर्षं तापून-निवून मधलं गॅस्केट सैल पडतं आणि मग कूलंट सिलिंडरमध्ये. पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली साय. पत्र्याच्या थरांचं गॅस्केट आणि चांगले स्टड घालून, हेड आणि ब्लॉक सपाट घासून घेऊन हे इंजिन वाचवता येतं, आणि खरं तर बहुतेकांनी तेच करावं. पण ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागालाच खड्डे पडले असतील तर तो खर्च करूनही मनात धाकधूक राहतेच.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे स्क्रू नीट आवळले असते तर एवढं झालं नसतं."

अडचण अशी की हे पूर्णपणे बरोबर आहे.

आता कुणी म्हणेल, त्याच बॉडीत १९९० पासून जपानमध्ये टोयोटाने स्वतःच १जेझेड घालून जेझेडए७० विकली, मग पुठ्ठे कशाला कापायचे? शंका रास्त आहे. त्या गाडीचे माउंट, ब्रॅकेट आणि संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) मिळाले तर बोल्ट लावायचे आणि घरी जायचं. पण बाजारात येणारी बरीच १जेझेड ही मार्क टू, चेसर, क्राउन अशा सेडानमधून उतरलेली असतात. इंजिन तेच, पण ब्रॅकेट वेगळे आणि संपचा खोलगट भाग कुठे येईल तेही गाडीगणिक वेगळं. तो भाग क्रॉसमेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर, आला तर इंजिन बसतच नाही. बसवलंच तर इतकं उंच राहतं की बॉनेट लागत नाही. म्हणून इंजिन घेण्याआधी विचारायची पहिली गोष्ट अश्वशक्ती नव्हे, संप कुठे आहे ही. संपमधून ऑइल ओढणारी पिकअपची नळी संपबरोबरच बदलते, हे विसरणारे संप बदलून खूश होतात आणि बेअरिंग जाळून शहाणे.

गिअरबॉक्समध्ये मात्र नशिबाने साथ दिली आहे. मॅन्युअल टर्बो सुप्रात आर१५४ येतो आणि १जेझेडच्या सुप्रातही आर१५४च. बेलहाऊसिंगचे, म्हणजे इंजिनाला चिकटणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या खोळीचे, बोल्ट जुळत नाहीत, पण या गिअरबॉक्सचं बेलहाऊसिंग सुटं निघतं. जेझेडचं बेलहाऊसिंग, फ्लायव्हील, क्लच, फोर्क, रिलीज बेअरिंग आणि स्टार्टर असा एका गाडीतून निघालेला संच घ्यायचा. यात तुकडे जमवायला गेलात की एक क्लच ढकलून सुटणारा निघतो आणि फोर्क ओढणाऱ्याचा. आणि क्रँकच्या टोकातलं, गिअरबॉक्सच्या दांड्याला आधार देणारं पायलट बेअरिंग! ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर आलेल्या इंजिनात ते नसतं. छोटीशी वस्तू आहे, पण ती राहिली तर सगळं पुन्हा उतरवायचं.

गिअरबॉक्स जागेवर राहिला की प्रोपेलर शाफ्टची लांबी तीच राहते, गिअरचा दांडाही जुन्याच भोकातून वर येतो. मग इंजिन कुठे बसणार हे गिअरबॉक्सच ठरवतो आणि माउंटनी फक्त तिथपर्यंत पोचायचं असतं. म्हणून मापाला इंजिन एकटं टांगायचं नाही. एखादा मेलेला ब्लॉक आणि हेड आणायचं, त्याला गिअरबॉक्स लावायचा, दोन्ही मिळून गाडीत टांगायचे. मग कोनमापक. गिअरबॉक्सचा कोन आणि मागच्या डिफरन्शियलचा कोन एकमेकांना समांतर, फरक एका अंशाच्या आत. शाफ्टच्या प्रत्येक क्रॉस जॉइंटचा (वाकणाऱ्या सांध्याचा) चालता कोन तीन अंशांच्या आत ठेवावा, पण अगदी शून्यही नको, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहून खळगे पाडतात. हे सगळं जमलं की मगच पुठ्ठा घ्यायचा, रेल आणि ब्लॉक यांच्यामध्ये धरायचा, भोकं उतरवायची, कापायचा, पुन्हा धरायचा, चुकला की दुसरा. तीन संध्याकाळी जातात. गाडीकडे बघणाऱ्याला या तीन संध्याकाळींत काय झालं ते विचाराल तर तो म्हणेल, काही नाही, पुठ्ठा आहे एक.

मला राग आहे तो याचा. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या असत्या तर दहा जण जमले असते आणि कुणी हात लावला नसता. ग्राइंडरच्या आवाजाला मान आहे, तक्रारही मानानेच येते. मोजमापाला मान नाही. गुडघे टेकून, टॉर्च दातांत धरून माणूस अर्धा मिलिमीटर शोधतोय म्हणजे याची काहीतरी वस्तू हरवली आहे, असं समजून लोक मदतीला वाकतात. गाडी चाकांवर असेल तर ती गाडी, स्टँडवर चढली की भंगार; आणि भंगारातलं काहीही कुणीही न्यावं, असा काहीतरी अलिखित कायदा असावा. चार महिने उभ्या असलेल्या धुळकट नव्या गाडीतून कुणी पुठ्ठा काढून नेईल का?

असो. काकांच्या चौकशीत टर्बोही आला.

"तो पंखा ना? दोन कशाला?"

मी म्हटलं, दोन छोटे असले की लवकर फिरतात. त्यांना पटलं, त्यांच्याकडेही हॉलमध्ये दोन छोटे आहेत. मग मी उगाच उत्साहात आलो आणि सांगून बसलो की या जुन्या १जेझेडच्या सीटी१२ए टर्बोंची एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची असतात. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला, उष्णता वाढली की फुटतात.

"कपबशीसारखी?"

"तशीच."

"आणि तू ती जुनी विकत घेणार."

पिशवीतून एव्हाना वास यायला लागला होता, पण काका हलले नाहीत. 'हलवू नये' हे त्यांच्यावरही लिहायला हरकत नव्हती.

टर्बोचं खरं दुखणं चाक नाही, नळी आहे. टर्बोला ऑइल दाबाने येतं, पण परत संपमध्ये जातं ते नुसत्या उतारावर. तेव्हा परतीची नळी जाड हवी, सतत खाली उतरणारी हवी, मध्ये कुठे पोट पडलेलं नको, आणि संपमध्ये ती ऑइलच्या पातळीच्या वर शिरायला हवी. संप बदलला, माउंटने इंजिन दोन अंश कललं, की हा उतार बिघडतो. ऑइल टर्बोतच साचतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं, निळा धूर येतो आणि माणूस चांगला टर्बो फेकून नवा आणतो. नवाही धूर काढतो. शिवाय जेझेडचे टर्बो उजव्या बाजूला. स्टिअरिंगही उजवीकडे असेल तर त्याचा दांडा बरोबर त्या भट्टीच्या शेजारून जातो. तिथे पत्र्याचा आडोसा हवाच, आणि इंजिन रबरावर डुलतं हे धरून चारी बाजूंनी बारा ते पंधरा मिलिमीटर मोकळे. पुठ्ठ्यावरची माझी सगळी मारामारी त्या पंधरा मिलिमीटरसाठी होती.

पेट्रोलचं गणित काकांनीच मागितलं, कारण आकडे दिसले की त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी येते. ३०० अश्वशक्ती हव्यात. गुणिले ०.६, टर्बो इंजिन दर अश्वशक्तीला ताशी साधारण एवढे पाउंड पेट्रोल पितं म्हणून. भागिले सहा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या. भागिले ०.८, कारण इंजेक्टरला ८० टक्क्यांपलीकडे राबवायचं नाही. आले ३७.५ पाउंड. ताशी पाउंडांचे मिनिटाला सीसी करायला गुणिले १०.५, म्हणजे मिनिटाला ३९४ सीसीचा एकेक इंजेक्टर. काकांनी तोंडी करून पाहिलं आणि म्हणाले, "३९३.७५." मग इंधनाचा दाब: मूळ ३ बार, त्यात बूस्ट जेवढा तेवढीच वाढ. १ बार बूस्टला ४ बार. दाब वाढला की तोच पंप कमी पेट्रोल देतो, आणि जुन्या वायरिंगमधून त्याला पुरते व्होल्ट पोचत नसतील तर आणखी कमी. म्हणून पंपाला बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले. ऐन बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो.

"म्हणजे वायर पातळ, म्हणून पिस्टन गेला."

"हो."

"आणि स्क्रू सैल, म्हणून इंजिन गेलं."

"हो काका."

"मग त्यात शिकायचंय काय एवढं?"

वायरिंगचं मी त्यांना सांगितलंच नाही. ७एम हवा मोजतं ती एअरफ्लो मीटरने, १जेझेड मॅनिफोल्डमधल्या दाबावरून. तेव्हा इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इग्नायटर (ठिणगीचं नियंत्रण करणारा भाग) आणि अख्खी लूम, म्हणजे वायरिंगचा जुडगा, हवी, प्लग कापलेली नव्हे. लूम टोकाला कापून देणाऱ्यांविषयी मला जे वाटतं ते छापण्यासारखं नाही. आणि विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजायचं: सगळे स्पार्क प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन बंद, बॅटरी भरलेली. सहा सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर पाया पडून निघून यायचं. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं सील बदलून टाकायचं. इथे 'आता उघडलंच आहे तर' हा रोग जडतो, त्याला औषध नाही.

तर काल रात्री मी नवा साचा कापला. सरावाने एका बैठकीत झाला. वहीत जुनी मापं होती, ती लावून पाहिली. मागच्या भोकात चार मिलिमीटरचा फरक. म्हणजे एक तर आधीचं चुकलं होतं किंवा आत्ताचं, किंवा मधल्या काळात टांगलेला ब्लॉक सरकला होता. वहीवरून काही कळेना. मूळ पुठ्ठा रेलवर धरून बघणं एवढाच मार्ग उरला.

वर गेलो. दार काकूंनी उघडलं. काका मशीनसमोर स्टूल टाकून बसले होते.

"काका, तो पुठ्ठा पाच मिनिटं हवा होता."

"स्पिन चालू आहे. नऊ मिनिटं."

मी उभा राहिलो. ड्रमने वेग घेतला, आवाज चढला, खिडकीची काच बारीक वाजायला लागली. मशीन जागच्या जागी. खालून माझ्या अक्षरातलं 'हलवू न' एवढंच दिसत होतं, उरलेलं घडीत गेलं होतं.

"बघ, हलतंय का?"

"नाही."

"तेच म्हणतो." काकांनी समाधानाने मशीनवर थाप मारली. "हा डावा होता ना? याचा उजवा असेलच तुझ्याकडे. आमचा फ्रिज जरा डुगडुगतोय."