‘शेजाऱ्याला शून्य, आम्हाला टॅक्स’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. न्यू जर्सीतलं घर शॉर्ट सेलमध्ये (म्हणजे बँकेच्या संमतीने, कर्जापेक्षा कमी किमतीला) गेलं, उरलेलं कर्ज बँकेने सोडलं आणि तुमचं रिटर्न भरताना त्यावर आम्ही टॅक्स काढला. त्याच गल्लीतल्या शेजाऱ्याला मात्र शून्य. शिवाय पुण्याच्या फ्लॅटची चौकशी कशाला केली, हाही तुमचा सवाल. ‘दुष्काळात तेरावा महिना’ असं लिहिलंत, ते अगदी खरं आहे.

तुमची फाईल मी इथे उघडू शकत नाही. टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्याने ग्राहकाची माहिती उघड करणं हा अमेरिकेच्या कर कायद्याच्या कलम ७२१६ खाली गुन्हा आहे. त्यामुळे तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो, आकडे काल्पनिक घेतो.

आधी आमची चूक. फोनवर ‘राहतं घर होतं ना, मग काही लागत नाही’ असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. हो, ते वाक्य माझंच. मध्ये रीफायनान्स करून (जुन्या कर्जाच्या जागी मोठं नवं कर्ज घेऊन) पैसे काढले होते का, एवढं विचारायचं राहिलं. त्या सल्ल्याची फी परत पाठवली आहे. रिटर्नची फी नाही, कारण ते काम बरोबर आहे.

कर्ज घेतो तेव्हा ते फेडायचं असतं म्हणून उत्पन्नात धरत नाहीत. फेडायची गरज संपली की धरतात. बँक १०९९-सी हा कर्जमाफीचा फॉर्म पाठवते आणि त्याची प्रत आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्यालाही जाते. तुमचे मित्र म्हणतात तसा तो फॉर्म ‘टाकलाच नाही’ तर काही महिन्यांनी नोटीस येते.

या टॅक्समधून सुटका फॉर्म ९८२ वर मागता येते. राहत्या घराच्या कर्जाची सवलत २००७ च्या कायद्याने आली आणि २०२५ अखेरपर्यंत माफ झालेल्या किंवा तोवर लेखी करार झालेल्या कर्जांसाठी होती. सुरुवातीला मर्यादा २० लाख डॉलर होती, २०२१ पासून साडेसात लाख. पण ती फक्त घर घ्यायला, बांधायला किंवा त्यात मोठी सुधारणा करायला वापरलेल्या कर्जाला. समजा ४ लाख २० हजार कर्ज होतं, विक्रीतून बँकेला ३ लाख ४० हजार मिळाले आणि ८० हजार सोडले. त्या कर्जातले ५० हजार पुण्याच्या फ्लॅटसाठी काढलेले. आता माफी दोन्हीकडे सारखी वाटली जाईल असं वाटतं ना? नाही. आधी ते ५० हजार बाजूला काढतात आणि वर राहिलेल्या ३० हजारांनाच सवलत मिळते. शेजाऱ्याने कधी पैसे काढलेच नसतील तर त्याचं शून्य येणारच.

दुसरी वाट दिवाळखोरीच्या हिशेबाची, आणि फ्लॅटचं विचारलं ते त्यासाठी. कोर्टात जावं लागत नाही. कर्ज माफ होण्याच्या अगदी आधी तुमची एकूण देणी मालमत्तेपेक्षा जितकी जास्त, तितकी रक्कम उत्पन्नातून वगळता येते. पण मालमत्तेत सगळं धरतात: ४०१-के (नोकरीतली निवृत्तीची बचत), गाडी, दागिने, भारतातली जागासुद्धा. पुण्यात आज फ्लॅटचे भाव काय आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो लपवून ही वाट आम्ही कोणालाच दाखवणार नाही, त्यासाठी एक स्टार मिळाला तरी चालेल.

भरायची रक्कम एकदम जमत नसेल तर फॉर्म ९४६५ भरून हप्ते मागता येतात. व्याज मात्र चालू राहतं.

आणि एक. ‘थोडे बेसमेंटला, बाकी पुण्याला’ असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तिथे मी थांबलो. बेसमेंट नव्याने बांधून काढलं असेल तर तेवढे पैसे घराच्या सुधारणेत बसू शकतात आणि टॅक्स कमी होऊ शकतो. आमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता, आता घातला आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या पावत्या, चेक, टाउनशिपचं परमिट, जे सापडेल ते घेऊन या. १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून रिटर्न सुधारता येतं, साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्याची फी घेणार नाही. शनिवारी दुपारी दोनपर्यंत ऑफिस उघडं असतं.