आधी टक्केवारी सांगा

एका छोट्या कंपनीला फॉस्फेट आणि खनिज वाळूचा 'मोठा साठा' सापडल्याचं लेखात म्हटलंय, ते खटकलं. चार बोअर मारले म्हणजे साठा ठरत नाही. स्फुरद (फॉस्फरस) किती टक्के, थर किती जाड, हे आधी कळायला हवं. वाळूत मोनाझाइट हे खनिज असेल तर त्यातल्या किरणोत्सारी थोरियमचा प्रश्न वेगळाच. आमच्या इंदूरजवळ झाबुआत, मेघनगरकडे रॉक फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा दगड आहे. तिथल्या दगडात स्ट्रोमॅटोलाइटचे, म्हणजे प्राचीन सूक्ष्मजीवांनी रचलेले थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसतात, बघत राहावं असे! पण हलक्या प्रतीचा दगड दळून, पाण्यात फेसावर तरंगवून, फॉस्फेट वेगळं काढून सुधारावा लागतो, आणि खरा खर्च तिथेच येतो. माळव्यातल्या सोयाबीनला या दगडापासून बनणारं सुपर फॉस्फेट खत लागतंच, देश कच्चा दगड बाहेरून आणतो, म्हणून शोध जरूर व्हावा. फक्त कंपनीने बोअरचे आकडे जाहीर करावेत.