‘मरायला टेकलेलं रोप विकलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मँगोस्टीन या फळझाडाचं रोप मागवलं, पंधरा दिवसांत पानं करपली, मरायला टेकलेलं रोप ठणठणीत म्हणून विकतात, फोन उचलत नाहीत, १,४५० रुपये पाण्यात गेले, असं लिहून तुम्ही एक स्टार दिलाय. रोपाची ही गत झाली याचं वाईट वाटलं. फोनबद्दल तर मनापासून माफी मागतो. तुमचे तीन मिस्ड कॉल आले ते शिमग्याचे दिवस होते, पालखी घरी आली होती, फोन आत चार्जिंगला होता. पण नंतर मी उलटा फोन करायला हवा होता आणि केला नाही. चूक माझीच.

‘मरायला टेकलेलं’ हे मात्र मनाला लागलं. रोप पाठवायच्या दिवशी बायकोने व्हिडिओ काढून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता, तो अजून आहे. त्यात शेंड्याला दोन नवी पानं दिसतात, तांबूस गुलाबी, समोरासमोर, हाताला मेणासारखी मऊ. मँगोस्टीनला पालवी अशीच जोडीने येते, तीही वर्षातून मोजक्या वेळा. मुळं कुजलेलं रोप अशी पालवी काढत नाही. उलट ही पालवी मोडू नये म्हणून आम्ही ते रोप दोन दिवस उशिरा पाठवलं. उशिराबद्दलही तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो.

तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोत रोप हॉलच्या कोपऱ्यात आहे, वर एसी आहे आणि त्याच्यावर २० आकडा दिसतोय. मी तो फोटो मोठा करून चार-पाच वेळा पाहिला. ताई, हे झाड मूळचं मलायाकडच्या पावसाळी जंगलातलं. त्याला २५ ते ३५ अंश मानवतं, २० च्या खाली वाढ थंडावते आणि ३८-४० ला पानं भाजतात. हवेत ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास लागतो. आमची नर्सरी खाडीकाठी आहे, रोपं माड-पोफळीच्या सावलीत शेडनेटखाली असतात, तिथे हे आपसूक जमतं. पुण्यात मार्चच्या दुपारी बाहेरचीच आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. त्यात रात्री एसीचा गार झोत थेट पानांवर, आणि दिवसा एसी बंद करून खोली तापलेली. एसीच्या पाइपातून बाहेर जे पाणी ठिबकतं, ते तुमच्या खोलीतल्या हवेतलंच असतं, म्हणजे हवा आणखी कोरडी होते.

तुम्ही लिहिलंय, ‘रोज पाणी घातलं, फवारलंही.’ तुमच्या मेहनतीवर माझा अविश्वास नाही. पण फवारलेलं पाणी एवढ्या कोरड्या हवेत थोड्याच वेळात उडून जातं. आणि मँगोस्टीनच्या मुळांना इतर झाडांसारखे बारीक केस नसतात, त्यामुळे मुळं पाणी सावकाश ओढतात. पानातून पाणी जातंय भराभर आणि खालून येतंय हळूहळू, मग टोकं आणि कडा आधी तपकिरी होतात. तुमच्या फोटोत पानं तशीच दिसतायत, मधली शीर अजून हिरवी आहे. हे झाड रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या कुळातलं, शास्त्रीय नावात दोन्ही गार्सिनियाच, पण रातांबा आपल्या कोकणातला, उन्हाळा सोसतो. ह्याला ते जमत नाही.

अजून एक विचारतो, आरोप म्हणून नाही. पांढऱ्या चिनीमातीच्या कुंडीत लावताना पिशवीतली माती झाडून काढलीत का? फोटोत कुंडीत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा दिसतंय. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटली की हे रोप लवकर सावरत नाही. बरोबरच्या कागदावर ते आम्ही लिहिलं होतं.

किमतीबद्दल एवढंच, की हे रोप तीन वर्षांचं होतं. बी फळातून काढल्यावर सुकायच्या आत पेरावं लागतं, आणि तीन वर्षांत ते जेमतेम दीड फूट होतं. माझी आई रोज सकाळी स्वतः ही रोपं बघते. तिला मी तुमचा रिव्ह्यू वाचून दाखवला नाही. दोन गिऱ्हाइकांनी तो वाचून या आठवड्यात ऑर्डर रद्द केली. आमचे सगळे मिळून ३१ रिव्ह्यू, त्यामुळे एका स्टारनेही फार फरक पडतो. आमचं घर यावरच चालतं.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे. आमच्या कॅटलॉगमध्ये ‘घरातही चालेल’ असं लिहिलंय. खिडकीशी गाळून आलेला उजेड, एसी नाही, जवळ ह्युमिडिफायर किंवा चार-सहा कुंड्यांची दाटी, असं आमच्या मनात होतं, पण तसं लिहिलेलं नाही. ते वाक्य बदलतोय. फोनचंही काहीतरी करतो, भाच्याला सांगितलंय.

रोप अजून टाकलं नसेल तर खोडाची साल नखाने अगदी थोडी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. एसीपासून लांब न्या, बाथरूमच्या खिडकीत उजेड येत असेल तर तिथे ठेवा, करपलेली पानं कापू नका, खत अजिबात देऊ नका. आत तपकिरी निघालं तर मला कळवा, जुलैत हवा ओली झाली की दुसरं रोप पाठवतो. रोपाचे पैसे नकोत, फक्त गाडीभाडं तुमचं. आत्ता उन्हाळ्यात मात्र पाठवणार नाही, ते पुन्हा असंच होईल.

तो व्हिडिओ एकदा परत बघा, एवढी विनंती. रात्री दहापर्यंत कधीही फोन करा, या वेळी उचलतो.

आपला,
नर्सरीचा मालक