सक्ती येऊ द्या, फाईल तयार ठेवा

समजा उद्या सरकारी दवाखान्यातल्या लॅबला एनएबीएलचं (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, सक्तीचं झालं (आज ते ऐच्छिक आहे, म्हणून तर आपण निवांत आहोत), तर अधीक्षक साहेब, अजिबात घाबरू नका. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद तोलणाऱ्या काट्यालासुद्धा वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, पण आपल्या अ‍ॅनालायझरला, म्हणजे रक्त तपासायच्या मशीनला, एवढ्या वर्षांत कुणी काय विचारलंय का? आता विचारलं तर चार दिवस सोसायचं.

मशीनला हात लावायचा नाही, हात लावायचा फाईलला. आदल्या संध्याकाळी टेक्निशियनसाठी चहा-भजी मागवा आणि तपासणीची रसायनं ठेवायच्या फ्रीजचं टेंपरेचर रजिस्टर समोर ठेवा. नियम २ ते ८ डिग्रीचा आहे, तेव्हा ४, ५, ४, ६ असं सुचेल तसं भरत जायचं, दिवसभर लाईट नव्हती त्या दिवशी पण ५ च. फक्त ३१ जूनचं टेंपरेचर लिहू नका, मागं एका ठिकाणी तसं झालंय म्हणे. फ्रीजमधला जेवणाचा डबा तेवढा बाहेर काढा.

मग लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, म्हणजे मशीन बरोबर चालतंय का ते दाखवणारा तक्ता. रोज सकाळी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेलं सँपल) लावायचा, त्याचा ठिपका चार्टवर टाकायचा, ठिपका २ एसडीच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या, बाहेर गेला तर का गेला ते शोधायचं आणि मगच पेशंटच्या सँपलला हात लावायचा, असं पुस्तकात आहे. पण कंट्रोलला पैसे लागतात, बॉलपेनला लागत नाहीत. महिन्याचे ठिपके एका बैठकीत मारा, थोडे वर थोडे खाली, एकदम सरळ ओळीत आले तर तपासणाऱ्याला वास येतो. बाहेरून, वेल्लोरहून वगैरे, ईक्यूएएसचं, म्हणजे लॅबची परीक्षा घेणारं, सँपल येतं ना, ते मात्र तीनतीनदा लावा, मिरजेतल्या मित्राला फोन करून त्याचा आकडा विचारा, सणाला आलेल्या जावयासारखी त्याची बडदास्त ठेवा. पेशंटचं सँपल काय, रोजचंच आहे.

सहीचं टेन्शन घेऊ नका. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या रजिस्टर्ड डॉक्टरची सही पाहिजे. आहे की सही, कॉम्प्युटरमधे स्कॅन करून ठेवलीय. डॉक्टर कोल्हापुरात, सही सांगलीत, दोन्ही एकाच वेळी ड्यूटीवर.

आता जतवरून एसटीनं येणाऱ्या सँपलबद्दल. साखरेच्या तपासाला फ्लोराईडची, राखाडी टोपणाची ट्यूब लागते, ती संपली असेल तर साध्या ट्यूबमधे घ्या, बिघडत काय नाही, उलट फायदाच आहे. रक्तातल्या पेशी ट्यूबमधे पण साखर खात बसतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि मे महिन्याच्या उन्हात जास्तच, म्हणजे जतला १४० असलेली साखर चार तासांनी सांगलीत ११० च्या आसपास येते. गोळी नाही, पथ्य नाही, नुसत्या एसटीच्या तिकिटावर डायबेटिस कंट्रोल! खड्ड्यांत आदळून पेशी फुटल्या तर पोटॅशियम मात्र वाढतं, त्याचं टेन्शन पेशंट घेईल.

(सक्ती नको असं माझं म्हणणं नाही, सक्ती पाहिजेच. पण सक्तीबरोबर टेक्निशियन, कंट्रोल आणि कूलबॉक्स पण पाठवा म्हणलं की फाईल मुंबईला जाते.)

राहिला माणसांचा प्रश्न. क्वालिटी मॅनेजर, टेक्निकल मॅनेजर आणि अंतर्गत ऑडिटर अशी नावं कागदावर लागतात. आपल्याकडं कंत्राटी टेक्निशियन एकच आहे, तिन्ही ठिकाणी त्याचंच नाव टाका. ऑडिटर म्हणून त्यानं स्वतःची चूक काढायची, क्वालिटी मॅनेजर म्हणून स्वतःला मेमो द्यायचा, आणि टेक्निकल मॅनेजर म्हणून उत्तर लिहायचं: 'कारण: मनुष्यबळ अपुरे. उपाय: यापुढे असे होणार नाही.' खाली तीन सह्या, पेन तेवढं वेगवेगळं वापरायला सांगा.